टपालखर्च छापलेल्या पुस्तिका

न्यूयॉर्क राज्यातलं इथाका हे गाव लोक धबधब्यांसाठी बघतात. मी गेलो तो कॉर्नेल विद्यापीठातला गुलामगिरीविरोधी पुस्तिकांचा संग्रह पाहायला. न्यूयॉर्क शहरापासून बसनं साधारण पाच तास. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की गाव खाली तळ्याकाठी आहे आणि विद्यापीठ टेकडीवर. बॅगा घेऊन तो चढ चालत चढू नका, स्थानिक बस घ्या.

दुर्मीळ ग्रंथांचा विभाग जमिनीखाली आहे, त्यात ऑलिन ग्रंथालयातून उतरता येतं. कितीतरी दफ्तरखान्यांत शिफारसपत्राशिवाय कुणी उभंही करत नाही. इथं फोटो असलेलं ओळखपत्र आणि नावनोंदणी पुरते. पदवी कोणती, संशोधन कशावर, यावर काही अडत नाही. मला हेच खरं आदरातिथ्य वाटतं. मागणी मात्र घरूनच ऑनलाइन नोंदवून ठेवावी, कारण ऐनवेळी मागितलेलं सगळं लगेच हाती येईलच असं नाही. बॅग, कोट, पेन बाहेर ठेवायचं. आत पेन्सिल, कागद, लॅपटॉप आणि फ्लॅश बंद केलेला कॅमेरा चालतो. स्वेटर अंगातच ठेवा, कागदासाठी राखलेला गारवा माणसाला तासाभरात बोचायला लागतो.

हा संग्रह रेव्हरंड सॅम्युअल जोसेफ मे यांचा. सिरॅक्यूज गावातले हे युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक आयुष्यभर चळवळीत होते. विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट त्यांचे स्नेही, म्हणून १८७० साली मे यांनी आपला सगळा साठा विद्यापीठाला दिला. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्यामागे इतर कार्यकर्त्यांनीही आपापल्याकडचं साहित्य पाठवलं. आज संग्रहात १०,००० हून अधिक पुस्तिका आणि पत्रकं आहेत: प्रवचनं, संस्थांचे अहवाल, मुक्त झालेल्यांच्या जबान्या, निधीसाठी भरवलेल्या जत्रांतल्या छोट्या भेटवस्तू-पुस्तिकासुद्धा.

बराचसा संग्रह इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मग एवढ्या लांब का जायचं? कारण पडद्यावर सगळ्या पुस्तिका एकाच मापाच्या दिसतात. मुलांसाठी १८३६ ते १८३८ या काळात निघालेलं मासिक तळहातावर मावतं, हे स्क्रीनवर कळत नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला अँजेलिना ग्रिम्के यांच्या १८३६ च्या आवाहनावर. ग्रिम्के अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहराच्या, गुलाम बाळगणाऱ्या घरातल्या. दक्षिणेतल्या ख्रिस्ती स्त्रियांना उद्देशून त्यांनी ३६ पानं लिहिली. छपाईच्या एका तावाची घडी घालून सोळा पानं होतात, त्या हिशेबानं ते सव्वादोन ताव होतात. हा हिशेब महत्त्वाचा, कारण तेव्हा पुस्तिकेचं टपाल तावावर ठरे. नियतकालिक असेल तर दर तावाला १०० मैलांच्या आत दीड सेंट आणि त्यापुढे अडीच सेंट; नियतकालिक नसेल तर तेच ४ आणि ६ सेंट. म्हणजे पुस्तिकेवर मालेचं नाव आणि अंक क्रमांक असला की खर्च निम्म्याहून कमी. अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्थेनं आपल्या पुस्तिका क्रमांकित मालेत काढल्या, त्यामागे हे गणित नक्कीच असणार असं माझं मत आहे. मालेतल्या अंकांवर तावांची संख्या, मैलांनुसार टपालखर्च आणि ‘वाचा आणि पुढे द्या’ अशी विनंती बारीक टायपात छापलेली आहे. त्या ओळीवर मी फार वेळ थांबलो. त्या काळी बहुधा टपालाचे पैसे घेणारा भरत असे, म्हणजे वाचकाला खर्च आधीच सांगून ठेवलेला!

आणि हे टपाल सुखरूप पोचत होतं असंही नाही. २९ जुलै १८३५ च्या रात्री चार्ल्सटनच्या टपाल कार्यालयात जमाव घुसला, न्यूयॉर्कहून आलेली पत्रकं उचलली आणि पुढे भर चौकात त्यांची होळी केली. टपालखात्याचे प्रमुख एमॉस केंडल यांनी कायद्यावर बोट ठेवण्याऐवजी स्थानिक पोस्टमास्तरांना पत्रकं अडवू दिली. ग्रिम्केंच्या आवाहनाच्या प्रतीही त्याच शहरात जाळल्या गेल्या. समोर आलेली प्रत या सगळ्यातून उरलेल्यांपैकी एक, हे ध्यानात ठेवूनच पान उलटावं.

उलटताना हातमोजे नकोत. धुतलेले, कोरडे हात बरे, कारण मोज्यात कागदाची धार जाणवत नाही आणि कोपरा फाटतो. १८५० च्या आधीचा कागद चिंध्यांपासून केलेला, त्यामुळे अजून मऊ आहे. लाकडाच्या लगद्याचा नंतरचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. पुष्कळ पुस्तिका कडेनं आरपार दोऱ्यानं शिवलेल्या आहेत. अशी पुस्तिका सपाट उघडायला गेलं की दोरा कागद कापतो. फोमच्या उतरत्या ठोकळ्यांवर अर्धवटच उघडायची, आणि पान धरायला छरे भरलेली कापडी वजनं मागून घ्यायची.

ऑनलाइन प्रतींत शब्द शोधण्याची एक खुबी: १८०० च्या आधीच्या इंग्लंडमधल्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा ‘एस’ लांबट असतो आणि छापील अक्षरं ओळखणारं यंत्र त्याला ‘एफ’ वाचतं. ‘स्लेव्ह’ टाकून काही मिळालं नाही, तर ‘फ्लेव्ह’ टाकून पाहा. लेखकाचं नाव नसलेल्या पुस्तिका पुष्कळ. त्या संस्था, गाव आणि साल यांवरून सापडतात.

तिथं बसल्यावर जोतीराव फुले आठवतातच. मे यांचा साठा विद्यापीठात आला त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाच्या आदरापोटी. त्या लोकांनी नेमकं काय छापलं, कसं पाठवलं, हे मराठी वाचकानं एकदा हातात घेऊन बघायला हवं.

पुढचे दोन दिवस नायगारात गेले. गर्दी, रेनकोट, महाग जेवण. वाटेत सिरॅक्यूजला थांबलो ते मात्र बरं झालं. तिथल्या क्लिंटन चौकात जेरी या पळून आलेल्या गुलामाच्या सुटकेचं स्मारक आहे. १ ऑक्टोबर १८५१ ला लोकांनी कोठडी फोडून त्याला सोडवलं आणि कॅनडात पोचवलं. त्या कटात रेव्हरंड मेही होते. न्यू जर्सीतली आपली मंडळी भारतातून आलेल्या आईबाबांना नायगारा दाखवायला नेतात, त्यांना इथाका फार आडवाटेचं नाही. फक्त सहल शनिवार-रविवारची आखू नका. वाचनकक्षाच्या वेळा आधी पाहून कामाच्या दिवशी सकाळीच पोचा.