वर्गणीची पावती

कुर्ल्यातल्या एका जुन्या इमारतीत, भाड्याच्या खोलीत आमचा अफगाण बायकांचा समूहोपचाराचा गट बसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि यांची परतीची वाट बंद झाली. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. यांचे अर्ज संयुक्त राष्ट्रांचं दिल्लीतलं कार्यालय तपासतं. तिथे सगळं क्रमाने, तारीखवार सांगावं लागतं. आघाताची आठवण अशी ओळीने येत नाही. एखादा वास, एखादा आवाज, मध्येच एक तुकडा. म्हणून आमच्याकडे घडलेलं सांगायची सक्ती नाही. आधी झोप, श्वास, मुलांची शाळा. बाहेरच्यांना हा टाइमपास वाटतो. वाटू दे.

त्या दिवशी श्वासाचा सराव चालू होता आणि दारावर धाडधाड थापा पडल्या. क्षणात खोली बदलली. एकीने मुलाला ओढणीखाली घेतलं, दुसरी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दुभाषी मुलगीसुद्धा गप्प.

मी दार उघडलं. मंडळाची तीन पोरं. "काकू, गणपतीची वर्गणी! आत काय, भिशी का?" मी २५१ रुपये देऊन त्यांना वाटेला लावलं.

परत येऊन सगळ्यांना पाय जमिनीवर टेकवायला लावले, खोलीतल्या पाच वस्तू मोठ्याने सांगायला लावल्या. मला वाटलं होतं, घाबरल्या त्या थापांना. पण कधीच न बोलणाऱ्या एका बाईने हिंदीत विचारलं, "उसके हाथ में कॉपी थी ना? नामों की?"

हिंदी तिला काबूलमध्ये मालिका बघून आलेली. तिच्या गल्लीत वही घेतलेली माणसं आली होती, घरोघरची नावं विचारत. तेवढंच बोलली. मग दुसरी म्हणाली, माझे हात अजून गार आहेत. तिसरी म्हणाली, मला वाटायचं मीच वेडी झालेय, इथे लिफ्टचं दार आपटलं तरी मी पलंगाखाली बघते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ यालोम यांनी समूहोपचाराचे जे गुणकारी घटक मांडले, त्यात 'हे माझ्या एकटीचं नाही' ही जाणीव आहे. मी वर्गात ती शिकवते. पण त्या दिवशी मला काही बोलावंच लागलं नाही; बायका एकमेकींचे हात चोळत होत्या.

मी पावती मध्ये ठेवली. ती हातोहात फिरली. गणपतीचं चित्र, रक्कम, माझं नाव, खजिनदाराची सही. हे नाव पुढे कुठे जातं, असं दोघींनी खोदून विचारलं. मंडळाच्या हिशोबात, मी म्हटलं. फारसं पटलं नसावं. मग ठरलं, उशिरा येणारीने खालूनच मिस्ड कॉल द्यायचा. आमच्यापैकी कुणी दार वाजवायचं नाही.

वेळ कधीच संपली होती. चपला घालताना ती वहीवाली बाई पुन्हा पावतीकडे बघून म्हणाली, "ढाई सौ? मॅडम, सौ में हो जाता."