ताळा

(दहावी, मार्च 1987 ची बॅच)

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती गणिताच्या वहीतली डावीकडची पट्टी. समासच तो, पण आपल्या गणिताच्या सरांनी तो दुप्पट रुंद आखायला लावला होता. वह्या मोजून मिळायच्या, त्यात ही उधळपट्टी, म्हणून आई करवादायची. त्या पट्टीत सर काहीच लिहायचे नाहीत. तिथे लिहायचं ते आपणच.

आठवीत सरांनी आधी उत्तर पडताळायचा नवाचा ताळा शिकवला. 347 गुणिले 26, उत्तर 9022. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज 14, म्हणजे 5. दुसरीची 8. पाच आठे चाळीस, म्हणजे 4. उत्तराचे अंक मिळवले की 13, म्हणजे 4. जुळला! महिनाभर आम्ही दिसेल त्या आकड्याचा ताळा काढत सुटलो, एसटीच्या तिकिटाचासुद्धा. एकदा घाईत मी 9202 लिहिलं आणि ताळा जुळतोय म्हणून ऐटीत वही पुढे केली. सर हसले. "ताळा जुळला नाही तर चूक नक्की. जुळला तर नुसती आशा, बाळा."

मग आली ती पट्टी. गणित सोडवून झालं की त्याच्यासमोर 'आ', 'अ' किंवा 'उ' लिहायचं. आलं, अडलं, उतरवलं. अडलं असेल तर ज्या पायरीवर अडलं तिथे टिंब द्यायचं. उतरवल्याला शिक्षा नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर आमचा विश्वास बसायला सहामाही उजाडली. तोवर सगळ्यांच्या वह्यांत 'आ'च 'आ'. सर रागावले नाहीत. तासाची सुरुवात ते 'अ' लिहिलेल्या गणितांनी करायचे, एवढंच. ज्याने खोटा 'आ' लिहिला, त्याचं गणित फळ्यावर येतच नसे. आपण कुणाला फसवतोय ते हळूहळू आमच्या ध्यानात आलं.

घटक चाचणी 25 गुणांची. पेपर देण्याआधी वरच्या कोपऱ्यात, किती पडतील ते पेन्सिलीने लिहायचं. मी 23 लिहिले, पडले 14. शेजारच्या रांगेतल्या एका मुलीने 12 लिहिले, तिला पडले 19. ती खुशीत, माझं तोंड पडलेलं. सरांनी दोघांना उभं केलं.

"तू नवाने चुकलास, ही साताने. ताळा दोघांचाही चुकला."

"पण सर, मला तर जास्त पडले," ती म्हणाली.

"म्हणजे सात गुणांचं तुला येत होतं आणि तुला पत्ताच नव्हता. शेवटचा प्रश्न का सोडलास?"

तिला काही बोलता येईना. येणार नाही असं धरून तिने तो वाचलाच नव्हता.

पुढची पाळी माझी. गेलेल्या प्रत्येक गुणाचं कारण लिहायचं होतं. माझ्या 11 पैकी चार गणितांचे 7 मी सरळ 'घाई' या खात्यावर टाकले. सरांनी कोरा कागद दिला आणि म्हणाले, "आता घाई नाही. हवा तेवढा वेळ घे." शाळा सुटली, शिपाईकाका खिडक्या लावायला आले, तोवर बसलो. त्या चारपैकी एकच गणित सुटलं. 'घाई' खोडून मी खाली 'येत नाही' असं लिहिलं. सर वही बघून नुसते "हं" म्हणाले.

सगळंच गोड होतं असं नाही. भूमितीची प्रमेयं मात्र त्यांनी आमच्याकडून सरळ घोकून घेतली, आणि तिथे पट्टी बिट्टी काही चालत नसे.

पुढे मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. 2010 मध्ये शिक्षणहक्क कायद्यापाठोपाठ सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाची आठ साधनं. त्यात स्वयंमूल्यमापन सापडलं ते शेवटच्या 'इतर' या कप्प्यात, प्रश्नावली आणि गटकार्याच्या शेजारी. वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली आणि आम्ही शिक्षकच त्यातून नोंदी उतरवू लागलो. पुढे लाल, पिवळ्या, हिरव्या गोलांची पद्धत कळली. समजलं तर हिरवा, अर्धवट समजलं तर पिवळा, नाही तर लाल. पद्धत चांगलीच आहे, वर्गात वापरतोही. पण 'उ'साठी त्यात रंग नाही.

म्हणून माझ्या चौथीच्या वर्गात पट्टी आहे. मागच्या पावसाळ्यात भागाकाराच्या तासाला एक मुलगी वही घेऊन टेबलाशी आली. "सर, अर्धंच उतरवलं असेल तर काय लिहू?"

आमच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी म्हटलं, "जिथून उतरवलंस तिथे आडवी रेघ मार."

तिने फूटपट्टी ठेवून नीट रेघ मारली. वरच्या चार पायऱ्या तिच्या होत्या.