शालवाला आला आज
दर हिवाळ्यात आमच्या रामबागेत येणारा काश्मिरी शालवाला आज आला, आईने आत बसवून चहा दिला. त्याचा धाकटा भाऊ पहलगामला घोडा चालवतो. 22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळच्या बैसरन कुरणात दहशतवादी हल्ल्यात 26 जण गेले, त्यात एक आपल्या इंदूरचे आणि एक तिथलाच घोडेवाला, मग सरकारने काश्मीरमधली 87 पैकी 48 पर्यटनस्थळं बंद केली, पुढे काही उघडली पण भावाकडे गिऱ्हाईक येईना, घोड्याला चारा तर रोज लागतोच ना! भाऊ अजून रात्री दचकून उठतो म्हणे. मीही तेव्हा आमचं जूनचं बुकिंग कॅन्सल केलेलं, मुलं लहान, भीती वाटली हो, खरंच वाटली. आई म्हणाली दोन शाली घे, मी तीन घेतल्या, तो गेला तरी मन तिथेच अडकलंय.