तीन मिलिमीटरच्या आतली गोष्ट

२५ मे, नवतपा (उन्हाळ्याचे सगळ्यात तापते नऊ दिवस) सुरू

पारा ४५ च्या पुढे. सकाळी साडेसातनंतर सायकल बाहेर काढण्यात अर्थ नाही. दुपार कूलरसमोर आणि डोक्यात शिफ्टर, म्हणजे सायकलचा गिअर बदलायची हँडलवरची दांडी.

रोड बाइकचा शिफ्टर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती स्पीडचा, म्हणजे मागच्या किती चकत्यांसाठी? नागपूरकरासाठी हा प्रश्न अर्धाच आहे. इथं चढ म्हणजे सेमिनरी हिल्सचा छोटासा तुकडा, नाहीतर रामटेकच्या गडावर जाणारा रस्ता. बाकी सगळं सपाट, आणि सपाटीवर चढाचं काम वारा करतो. मे महिन्यात तो पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. अमरावती रोडनं बाजारगावकडे निघालं की थेट तोंडावर. अशा वेळी सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे याला कुणी विचारत नाही. शेजारच्या दोन गिअरमध्ये किती अंतर आहे ते मात्र पायाला लगेच कळतं.

हिशेब असा. पुढे पेडलपाशी ५० दात्यांची चकती, म्हणजे चेनरिंग, चाकाचा घेर २.१ मीटर, वेग ताशी ३० किमी. मागे १५ दात्यांची चकती असेल तर मिनिटाला पेडलचे ७१ फेरे मारावे लागतात, १८ ची असेल तर ८६. नेहमीच्या ८ स्पीड ११-३२ कॅसेटमध्ये (मागच्या चकत्यांचा जुडगा; सगळ्यात छोटी ११ दात्यांची, सगळ्यात मोठी ३२ ची) १५ नंतर १८ च येते. ७१ जड वाटले म्हणून एक गिअर उतरावं, तर पाय एकदम भिरभिरायला लागतात. १० स्पीडच्या १२-२५ मध्ये १५, १६, १७ ओळीनं आहेत: ७१, ७६, ८१. वाऱ्यात मधला ७६ सापडणं म्हणजे काय, ते ज्याला सापडतो त्यालाच कळतं.

म्हणून ८ स्पीडवाल्यानं शिफ्टरला हात लावण्याआधी ८ स्पीडचीच १२-२५ कॅसेट घालून बघावी. तिच्यात १५ नंतर १७ येते, उडी तेवढीच कमी. चेनच्या कड्यांची एक जोडी कमी करावी लागते, बी-स्क्रू (डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, चकत्यांपासून किती दूर राहील ते ठरवणारा) थोडा सैल करावा लागतो. एवढ्यात समाधान झालं तर पुढची पानं वाचायची गरजच नाही.

२६ मे

हात कुठे असतो? रोड बाइकवर बराचसा वेळ हूडवर, म्हणजे ब्रेकच्या दांड्यांच्या रबरी मुठीवर. वारा अंगावर आला की ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वळणावर. शिफ्टर या दोन्ही जागांवरून चालला पाहिजे, आणि स्वस्तातला शिफ्टर नेमका इथंच फसतो. शिमानोच्या टूर्नी ए०७० मध्ये तार सोडायचं, म्हणजे गिअर जड करायचं बटण हूडच्या आतल्या बाजूला, अंगठ्यापाशी आहे. हूडवरून सहज दाबता येतं. ड्रॉप्सवर असताना हात वर न्यावा लागतो, आणि वाऱ्यात वाकून चालवणारा माणूस तेवढ्यासाठी उठत नाही. हलक्या गिअरवरच पाय भिरभिरवत राहतो.

शिमानोच्याच क्लॅरिस, सोरा, टिआग्रा, १०५ या मालिकांची तऱ्हा वेगळी. ब्रेकची दांडीच आत ढकलली की तार ओढली जाते आणि चेन मोठ्या चकतीवर चढते. मागची छोटी दांडी दाबली की तार एक खाच सुटते. ब्रेक आणि गिअर एकाच जागी आणण्याची ही कल्पना शिमानोनं १९९० च्या सुमारास बाजारात आणली; कॅम्पाग्नोलोचा अर्गोपॉवर १९९२ चा. कॅम्पाग्नोलोत ब्रेकची दांडी फक्त ब्रेकच लावते, तार ओढायला तिच्यामागे वेगळी दांडी आणि सोडायला अंगठ्याचं बटण. हातमोज्यातून, घामेजल्या बोटांनी चुकीची दांडी दाबली जायची भीती त्यात नाही. पण सुटे भाग मागवून वाट बघायची तयारी हवी. मायक्रोशिफ्टमध्येही ब्रेकची दांडी गिअरसाठी हलत नाही, मागे दोन छोट्या दांड्या असतात.

स्रॅमच्या डबलटॅपला एकच दांडी. थोडी ढकलली तर गिअर जड, लांब ढकलली तर हलका. सवय झाली की छान, पण तिची एक खोड आहे. चेन आधीच सगळ्यात मोठ्या चकतीवर असताना आणखी हलका गिअर मागितला, तर दांडी अडते आणि सोडल्यावर गिअर उलट एक घर जड होतो. गडाच्या शेवटच्या वळणावर हे झालं की तोंडून काय निघतं ते इथं लिहायला नको.

बार-एंड म्हणजे हँडलच्या टोकावरचे शिफ्टर विसरू नयेत. त्यांतल्या बऱ्याच जोड्यांत खटका, म्हणजे दांडीचं एकेका ठरावीक खाचेत बसणं, बंद करून नुसत्या घर्षणावर चालवायची सोय असते. मग डिरेलर कुठलाही असो, चकत्या कितीही असोत, कानानं ऐकून गिअर लावता येतो. लांब पल्ल्याला उत्तम. गर्दीत, सीताबर्डीसारख्या ठिकाणी, गिअरसाठी हात ब्रेकवरून काढावा लागतो हा तोटा.

२८ मे

आज मुख्य मुद्दा. शिफ्टर एकटा कधीच येत नाही. तो प्रत्येक खटक्याला ठरावीक तार ओढतो. डिरेलर त्या ओढीचा ठरावीक पटीत गुणाकार करून सरकतो. ते सरकणं चकत्यांमधल्या अंतराशी जुळावं लागतं. या तिघांतला एक बदलला आणि बाकीचे तसेच ठेवले की महिनाभर बॅरल, म्हणजे तारेचा ताण जुळवायचा स्क्रू, फिरवत बसावं लागतं.

शिमानोच्या रोडच्या ८, ९ आणि जुन्या १० स्पीड डिरेलरची पट साधारण १.७. एक मिलिमीटर तार ओढली की डिरेलर १.७ मिलिमीटर सरकतो. रोडच्या ११ स्पीडची पट साधारण १.४. चकत्यांमधलं अंतर ८ स्पीडला ४.८ मिमी, ९ ला ४.३५, १० ला ३.९५, ११ ला ३.६९. म्हणजे एका खटक्याला ओढली जाणारी तार कुठंही तीन मिलिमीटरच्या आतच.

जितके जास्त स्पीड तितका शिफ्टर नाजूक, असं सर्रास ऐकू येतं. गणित करून पाहावं. धुळीनं तार अडकून अर्धा मिलिमीटर ओढ वाया गेली असं धरू. ८ स्पीडला डिरेलर ०.८५ मिमी मागे पडतो, म्हणजे दोन चकत्यांमधल्या अंतराच्या १८ टक्के. जुन्या १० स्पीडला तोच ०.८५, पण अंतर कमी, म्हणून साडेएकवीस टक्के. ११ स्पीडला ०.७ मिमी, म्हणजे १९ टक्के. सगळ्यात हळवा निघाला तो जुना १० स्पीड!

आणि टिआग्रा ४७००? तो १० स्पीड असूनही ११ च्या पटीवर चालतो: ०.७ भागिले ३.९५, जवळपास १८ टक्के. ८ स्पीडइतकाच सोशिक, आणि कॅसेटमध्ये १५-१६-१७ ओळीनं घालता येतात. शिवाय १० स्पीड कॅसेट ८-९ स्पीडच्या हबवर बसते, तर ११ स्पीडच्या रोड कॅसेटला १.८५ मिमी लांब फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग) लागतो, म्हणजे बऱ्याचदा नवं चाकच. धुळीच्या आणि सपाट नागपुरासाठी माझं मत ४७०० ला.

मात्र खरेदी करताना डोळे उघडे ठेवायचे. ४७०० चा शिफ्टर आणि जुना १० स्पीड डिरेलर ही जोडी जमत नाही, दोन्हींवर "१० स्पीड" लिहिलेलं असलं तरी. सेकंडहँड बाजारात हा घोटाळा हमखास होतो. पुढचा डिरेलरही ४७०० चाच घ्यावा. मागे ११ स्पीडचा रोड डिरेलर चालतो. एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाइकचा, १० स्पीड डिरेलर रोडच्या कुठल्याच शिफ्टरला लावायच्या भानगडीत पडू नये. एमटीबीचा ९ स्पीड मात्र रोडच्या ९ स्पीडशी गुण्यागोविंदानं नांदतो.

३० मे

तारेबद्दल. नागपूरची धूळ उन्हाळ्यात कोरडी, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. दोन्हींचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मागच्या डिरेलरपाशी आउटरचं, म्हणजे तार ज्यातून जाते त्या नळीचं, शेवटचं वळण.

गिअर कुठल्या दिशेला रेंगाळतो ते आधी पाहावं. छोट्या चकतीकडे जायला वेळ लागत असेल तर तार अडकते आहे. त्या दिशेला फक्त डिरेलरची स्प्रिंग ओढते आणि ती घर्षणापुढे हरते. बॅरल फिरवून उपयोग नाही, तार आणि आउटर बदला. मोठ्या चकतीकडे चढत नसेल तर तार ढिली आहे. बॅरल घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा. दोन्हीकडे कुरकुर असेल तर मागून बघा, हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो भाग, वाकला असेल. सायकल उजव्या कुशीवर पडली की हे होतंच.

गिअरची तार १.२ मिमीची, आउटर ४ मिमीचा. घाईत ब्रेकचा ५ मिमीचा आउटर कापून लावणारे भेटतात. त्याच्या आतली पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, जोर आला की ती दबते आणि तीन मिलिमीटरच्या हिशेबातला वाटा तिथंच जिरतो. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेनं सरळ असतात, म्हणून तो कापला की टोक कानशीनं सपाट करायचं आणि आतली प्लॅस्टिकची नळी टोच्यानं उघडायची. ही दोन मिनिटं वाचवली की महिनाभर गिअर कुरकुरतो.

नवी तार लावायचा क्रम: सगळ्यात छोट्या चकतीवर येईपर्यंत खटके सोडायचे. एच स्क्रूनं (डिरेलरची छोट्या चकतीकडची हद्द ठरवणारा) डिरेलरची वरची चाकी छोट्या चकतीच्या बाहेरच्या कडेखाली सरळ आणायची. बॅरल पूर्ण आत फिरवून एक फेरा बाहेर. तार ताणून ६-७ न्यूटन मीटरला कसायची. एक खटका: चेन दुसऱ्या चकतीवर चढली पाहिजे. शेवटी मोठ्या चकतीवर एल स्क्रू, म्हणजे त्या बाजूची हद्द. तो चुकला तर चेन आऱ्यांमध्ये जाते आणि चाकासकट सगळं बसतं. पहिल्या काही राइडनंतर आउटर आपापल्या जागी बसतो आणि गिअर थोडा ढिला पडतो, तेव्हा पाव फेरा पुन्हा.

बारटेपखालून तार नेणाऱ्या शिमानोच्या शिफ्टरांचं दुखणं वेगळं. आत तार तीव्र वळणावरून जाते आणि डोक्यापाशी एक एक पदर तुटत जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. आठवड्यात तीनदा बॅरल फिरवावा लागला की समजायचं, बॅरलचा दोष नाही. हूडचं रबर मागे सारायचं, खटके सोडून छोट्या चकतीवर यायचं, ब्रेक दाबायचा. तारेचं डोकं दिसतं. एक जरी पदर उभा राहिला असेल तर तार त्याच दिवशी काढायची. डोकं आत तुटून बसलं तर तुकडे चिमट्यानं एकेक वेचावे लागतात. साधारण ३,००० ते ५,००० किमीला तार बदलली की ही वेळ येत नाही.

जुन्या ८-९ स्पीड शिफ्टरमध्ये उलटा प्रकार. सायकल महिनोन्‌महिने उभी राहिली की आतलं ग्रीस सुकून घट्ट होतं, दांडी हलते पण खाच पकडत नाही. शिफ्टर मेला म्हणून फेकू नये. पातळ स्प्रेनं आतून धुवायचा, खटके शंभरदा मारायचे, मग हलकं तेल.

३१ मे

इलेक्ट्रॉनिकबद्दल थोडंच. शिमानोचा डीआयटू, म्हणजे तारेऐवजी मोटरनं गिअर बदलणारा संच, २००९ पासून आहे. वरच्या सगळ्या तारेच्या तक्रारी त्यात संपतात, म्हणजे धुळीच्या गावासाठी तोच चांगला, आणि पैसे असतील तर वाद नाही. १२ स्पीड डीआयटूची बॅटरी सीटच्या नळीत असते, शिफ्टरमध्ये नाण्यासारखे सेल. स्रॅमच्या एएक्सएस या इलेक्ट्रॉनिक संचात पुढच्या-मागच्या डिरेलरच्या बॅटऱ्या एकमेकींच्या जागी बसतात. मागची संपली तर पुढची काढून मागे लावायची आणि घर गाठायचं. एकच पथ्य: नवतप्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बॅटरी ठेवायची नाही.

मेकॅनिकलवर, म्हणजे तारेच्या गिअरवर, २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत संपवायची लांब राइड) करायची तर साडेतेरा तासांची मुदत असते, आणि मागची तार तुटली की डिरेलर सगळ्यात छोट्या चकतीवर पडून राहतो. तेव्हा एच स्क्रू आत कसत जायचा, डिरेलर दुसऱ्या-तिसऱ्या चकतीखाली येतो. पुढची छोटी चेनरिंग लावली की बऱ्यापैकी चालवता येतं. त्यासाठी छोटा स्क्रू-ड्रायव्हर टायर लिव्हरच्या शेजारी, आणि एक सुटी तार गुंडाळून सीटखालच्या पिशवीत. तारेच्या टोकाला टोपी दाबून ठेवायची, नाहीतर तिचे पदर पिशवीतच सुटतात.