जुनी 'जनता' रोजच्या वापरात आणताना

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरची आवराआवर चालली असताना त्यांच्या वडिलांचे एचएमटीचे 'जनता' घड्याळ माझ्याकडे आले. चावी दिली की ते थोडा वेळ चालत असे आणि थांबत असे. मला जुन्या यांत्रिक घड्याळांचा छंद आहे हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी ते मोडीत न काढता मला दिले. घड्याळे नुसती कपाटात मांडून ठेवणे मला पटत नाही. माझ्याकडे आलेले घड्याळ मनगटावर बांधता आले पाहिजे, असा माझा आग्रह असतो. म्हणून हे घड्याळ रोजच्या वापरात येईपर्यंत काय काय करावे लागले, ते येथे लिहीत आहे.

सर्वप्रथम मी तबकडी भिंगाखाली पाहिली. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला मनगटी घड्याळांचे काम सुरू केले आणि २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. उत्पादन थांबल्यावर जुन्या घड्याळांना मागणी आली आणि जुन्या तबकड्या पुसून, भडक रंगांत नव्याने छापून विकण्याचा धंदाही फोफावला. मूळ तबकडीवरच्या अक्षरांच्या कडा धारदार असतात. रंगवलेल्या तबकडीवर त्या पसरट दिसतात, ओळी किंचित तिरप्या जातात आणि काट्यांच्या मधल्या भोकापाशी रंग साचलेला आढळतो. या 'जनता'ची तबकडी पिवळसर पडली होती, पण १७ ज्वेल्स (चक्रांची टोके ज्यांत फिरतात ते खडे) आणि पॅराशॉक (झटक्यांपासून बचावाची योजना) ही बारीक अक्षरे अगदी स्वच्छ होती. असा पिवळेपणा मी कधीही घालवू देत नाही. घड्याळाचे वय त्याच्या चेहऱ्यावर दिसावे, असेच मला वाटते.

रावपुऱ्यात, १८९६ साली बांधलेल्या चिमणाबाई टॉवरपासून जवळच, एक वयस्कर घड्याळजी काम करतात. त्यांनी मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि म्हणाले, "तेल पार सुकलंय. मशीन मात्र शाबूत आहे, गंज नाही." मी त्यांना म्हटले, "काका, घाई अजिबात नाही, पण मशीन पूर्ण खोलूनच साफ करा." हा आग्रह महत्त्वाचा आहे. कित्येक ठिकाणी मशीन न खोलताच पेट्रोलमध्ये बुडवून वर तेल सोडतात. घड्याळ चालू लागते खरे, पण आतला जुना चिकटा तसाच राहतो आणि पुढे चक्रांचे अणकुचीदार टोक झिजत जाते.

काकांनी मला शेजारी बसून काम पाहू दिले, हे माझे भाग्य. सुटा केलेला एकेक भाग धुऊन झाल्यावर त्यांनी प्रत्येक खड्याचे भोक टोकदार काडीने पुसले. मुख्य स्प्रिंग थकलेली होती, ती बदलली. तेलाचेही प्रकार असतात: स्प्रिंगच्या डबीला आणि हळू फिरणाऱ्या चक्रांना दाट, तर बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाच्या, टोकांना अगदी पातळ. पॅलेटच्या, म्हणजे चक्राचा एकेक दात पुढे सोडणाऱ्या भागाच्या, खड्यांच्या तोंडाला तेल लागते, पण पॅलेटच्या दांड्याची टोके कोरडीच ठेवायची असतात. बॅलन्सच्या खड्यावर त्यांनी सुईच्या अग्राने तेल टेकवले तेव्हा पारदर्शक खड्यातून त्याचे गोल कडे दिसले. ते कडे खड्याच्या मधोमध बसले तरच तेल जागेवर टिकते.

त्यानंतर वेळ लावण्याचे काम. हे मशीन तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. काकांकडच्या टाइमिंग मशीनवर सफाईपूर्वी, पूर्ण चावी दिलेली असतानाही, बॅलन्सचा झोका जेमतेम १८० अंशांचा होता. आता घड्याळ पाठीवर ठेवल्यास तो २८० अंश भरला आणि उभे धरल्यास २४५. उभ्या स्थितीत बॅलन्सच्या दांड्याची बाजू खड्याला घासते, म्हणून झोका कमी होतो आणि त्यामुळे वेळेतही फरक पडतो. हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगची, चालती लांबी कमी केली की घड्याळ पुढे जाते आणि वाढवली की मागे पडते. काकांनी ही लांबी ठरवणारा आतला बारीकसा काटा केसाएवढा सरकवून हा मेळ साधला. आता दिवसाला दहा सेकंदांचा फरक उरला, म्हणजे ८६,४०० सेकंदांत दहा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या रचनेच्या आणि सामान्य माणसासाठी बनवलेल्या या घड्याळाकडून एवढी अचूकता मिळावी, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आता मी ते रोज वापरतो. सकाळी आंघोळीनंतर चावी देतो आणि विरोध जाणवताच थांबतो. डाव्या मनगटावर हात खाली सोडलेला असताना चावीचे टोक जमिनीकडे राहते, आणि त्या स्थितीत हे घड्याळ किंचित मागे पडते. रात्री तबकडी वर करून ठेवले की ते तितकेच पुढे जाते, त्यामुळे सकाळी फरक फारसा उरत नाही. पावसाळ्यात बाहेर पडताना मी ते घरीच ठेवतो, कारण इतक्या जुन्या झाकणातून दमट हवाही आत शिरते. उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडवतानाही ते हातात नसते. पॅराशॉक असले तरी मनगटाला सतत बसणारे झटके बॅलन्सच्या दांड्याला सोसतीलच असे नाही. चुंबकाचे झाकण असलेल्या मोबाइलच्या कव्हरपासूनही ते दूर ठेवतो, कारण हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटली की घड्याळ भराभर पुढे धावू लागते.

सुटे भाग आता नवे बनत नाहीत. बंद पडलेल्या दुसऱ्या घड्याळांतूनच ते काढावे लागतात. म्हणून शुक्रवारी बाजारात एखादी फुटकी 'जनता' दिसली तर मी आवर्जून घेतो, आणि बॅलन्सचा दांडा शाबूत असेल तर ती काकांकडे नेऊन ठेवतो.