आमची वाटचाल : वीस, पंचवीस आणि बत्तीसचा रॉड

ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या औद्योगिक महामंडळाची, पहिली वसाहत, १९६२ सालची. आता मोठ्या रस्त्याला काचेच्या इमारती आल्यात, पण आतल्या गल्ल्यांत लेथ अजून फिरतात. तिथेच आमचा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक सीएनसी, मालक धरून पाच माणसं. काम बुशचं, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीचं. गनमेटल, फॉस्फर ब्राँझ (दोन्ही तांब्याचे मिश्रधातू), मधूनमधून कास्ट आयर्न. वर लिहिलेल्या रॉडची गोष्ट माझ्या हातांच्या आजारातून आली, ती पुढे सांगतो.

२००४ ला राजकोटची साडेचार फुटी लेथ घेऊन सुरुवात केली. पहिली दहा वर्षं माल गेला, पैसे आले, दुसरी लेथ आली. २०१४ च्या पावसाळ्यात मालकाच्या, म्हणजे माझ्या, दोन्ही हातांची बोटं सकाळी वळेनाशी झाली. रक्त तपासलं तेव्हा आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही पॉझिटिव्ह आले. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात आणि म्हातारपणाच्या गुडघेदुखीच्या खात्यात टाकून मोकळे होतात. गुडघ्याची झीज म्हणजे बेअरिंग घासलं, इतकंच. इथे शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजतं, आणि वेळेत औषध सुरू झालं नाही तर हाड खाल्लं जातं. बहुधा दोन्ही हातांना सारखंच होतं. सकाळचा ताठरपणा तासभर टिकतो, कधी दोन तास. दुपारी तोच हात बऱ्यापैकी चालतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की सकाळी नाटक होतं.

औषध लगेच सुरू केलं, पण पार्ट्यांना, म्हणजे माल घेणाऱ्यांना, काही सांगितलं नाही. ती चूक २०१६ मध्ये भोवली.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये एलजी२ गनमेटलच्या बुशची मोठी ऑर्डर होती. बाहेरून ६०, बोअर, म्हणजे आतलं भोक, ५० एच७, लांबी ६०. म्हणजे भिंत पाच मिलिमीटर आणि बोअरला शून्य ते अधिक पंचवीस मायक्रॉनची मोकळीक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बुश करणाऱ्याला यात अवघड काही वाटू नये. पण हातात जोर नव्हता, जॉब सुटेल ही धास्ती होती, म्हणून चकच्या, म्हणजे जॉब जबड्यांत पकडणाऱ्या भागाच्या, चावीवर पाइप चढवला. इथेच घात झाला. पाइपने जोर तीनपट लागतो आणि किती लागला ते हाताला कळत नाही. पातळ भिंतीचा बुश थ्री-जॉमध्ये, म्हणजे तीन जबड्यांच्या चकमध्ये, असा आवळला की तीन ठिकाणी आत दबतो. दबलेल्या अवस्थेत टूल बोअर अगदी गोल कापतं. चक सोडला की दबलेल्या जागा उसळून बाहेर येतात आणि गोल बोअर तीनकोपरी होतो.

दोन टोकांच्या इनसाइड मायक्रोमीटरने तो पकडता येत नाही. तीनकोपरी भोकाचा व्यास कुठूनही मोजा, जवळजवळ तेवढाच भरतो, कारण एका बाजूच्या फुगवट्यासमोर नेमका खोलगट भाग येतो. आमच्याकडे भोकात घालून तपासायचा गो-नोगो प्लग गेज होता (गोचा प्लग आत जायला हवा, नोगोचा जायला नको), आणि गोचा प्लग पूर्ण गोलाई तपासतो. पण तो आम्ही बुश चकमध्ये असतानाच लावत होतो. तिथे तो सुंदर जात होता. त्यात बुश गरम. पन्नासच्या ब्राँझ बोअरला वीस डिग्रीचा फरक पडला तर अठराएक मायक्रॉन जातात, म्हणजे पंचवीसमधले सातच उरले. चक सोडून, थंड करून, मग प्लग घातला असता तर पहिल्याच नगाला कळलं असतं.

सगळा लॉट परत आला. शाफ्टवर बुश जात नव्हते, आणि जे ठोकून बसवले ते तीन जागी घासून गरम झाले. धातूचे पैसे आमच्या अंगावर. त्यानंतर दोन महिन्यांत, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. पार्ट्यांची उधारी अडकली, भंगारवाला रोख देईना, कामगारांचा पगार दोन हप्त्यांत केला.

आणि याच वेळी मागच्या गल्लीतला एक गाळेवाला आमच्या त्या लॉटमधले दोन बुश खिशात घालून आमच्या पार्ट्यांकडे फिरला. नाव घेणार नाही, गल्लीला ठाऊक आहे. त्याचं म्हणणं एकच : "यांच्या हाताला वात झालाय, हात थरथरतात, आता माप राहत नाही." तीन पार्ट्या गेल्या. दहा वर्षांचं येणं-जाणं होतं, पण एकानेही फोन करून विचारलं नाही. हे आजही सलतं. आमवातात हात थरथरत नाहीत. पकड सुटते, वळत नाही, दुखतो, पण थरथर हा त्याचा गुणच नाही. आणि माप चुकलं ते चक जास्त आवळल्यामुळे. निरोगी पैलवानाने तो बुश तितकाच आवळला असता तर त्याचाही तीनकोपरीच निघाला असता. पण हे समजावायला आम्ही पोचेपर्यंत तो दोनदा चहा पिऊन गेलेला.

म्हणून आजार असलेल्या कोणत्याही धंदेवाल्याला सांगतो : पार्टीला पहिली बातमी आपणच द्यावी. सहानुभूती मागू नये, व्यवस्था सांगावी. "सकाळी साडेदहानंतर हाताचं काम होईल, बोअर सीएनसीवर होईल, चार दिवसांऐवजी सात दिवस धरा." एवढं सांगितलं की समोरचा माणूस हिशोब करू शकतो. लपवलं की त्याच्या कानात दुसरा कोणीतरी हिशोब घालतो.

एक पार्टी टिकली. कळव्याचे पंप दुरुस्तीवाले काका. ते स्वतः गाळ्यावर आले, नाकारलेला एक बुश व्ही-ब्लॉकवर ठेवला, आत बोअरला डायल लावला आणि बुश हाताने फिरवला. काटा एका फेरीत तीनदा वर गेला, तीनदा खाली आला. काका म्हणाले, "अहो भाऊ, हा हाताचा दोष नाही, जबड्याचा आहे. जबडे बदला." आणि दहा बुशांची ऑर्डर तिथेच चलनावर लिहून दिली. सॉफ्ट जॉचे पैसेही आगाऊ दिले. आज त्यांचा माल पहिला लागतो, मग बाकी कोणाचाही असो.

सॉफ्ट जॉ म्हणजे नरम लोखंडाचे जबडे, जे चकवरच बुशच्या बाहेरच्या मापाला बोअर करून घ्यायचे. मग ते तीन टिंबांवर न धरता जवळजवळ सगळा घेर कवेत घेतात. कमी जोरात जॉब धरला जातो आणि दाब वाटला जातो. रफ कट घट्ट पकडीवर घ्यायचा, पाव मिलिमीटर राखायचा, चक ढिला करून बुशला श्वास घेऊ द्यायचा, आणि हलक्या पकडीवर फिनिश मारायचा. हेच आधी केलं असतं तर वर्ष वाचलं असतं. हाताला कमी जोर लागतो आणि मालही गोल निघतो, दोन्ही एकाच कामात.

तिथून पुढे गाळ्यातली एकेक वस्तू हाताच्या हिशोबाने बदलली. नियम एवढाच की चिमटीचं काम मुठीकडे न्यायचं, मुठीचं तळव्याकडे, तळव्याचं कोपराकडे आणि जमलं तर पायाकडे. छोटा सांधा वाचवायचा, मोठा वापरायचा. चकच्या चावीची आडवी दांडी आठ इंच होती, ती बारा इंच केली. लागणारा जोर दोन तृतीयांशावर आला. दांडीवर ३२ मिलिमीटरची नायलॉनची नळी चढवली, कारण बारीक दांडी धरायला बोटं पूर्ण वळवावी लागतात आणि दुखणं तिथेच असतं. पाइप गाळ्यातून हद्दपार. चावीला स्प्रिंग आहे, हात सोडला की ती चकबाहेर येते. लांब चावी चकमध्ये राहून मशीन सुरू झालं तर माणूस मरेल, त्यामुळे स्प्रिंगशिवाय लांब चावी कोणी करू नये.

इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या बदलत्या पात्याचा, बारीक टॉर्क्स स्क्रू हा हाताचा सगळ्यात मोठा वैरी. अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. त्या स्क्रूड्रायव्हरला ३५ च्या नायलॉन रॉडची नर्लिंग केलेली, म्हणजे खरखरीत दाते पाडलेली, मूठ बसवली. दहा इंची चक उतरवायला छतावरून अर्ध्या टनाची चेनकप्पी लटकवली. पूर्वी दोघं मिळून पोटाशी धरून उतरवायचे, तेही चूकच होतं. मशीनसमोर लाकडी फळ्यांचा पाट टाकला, कारण हा आजार तळपायाच्या पुढच्या सांध्यांनाही धरतो आणि सिमेंटच्या जमिनीवर आठ तास उभं राहणं निरोगी पायालाही परवडत नाही. सेफ्टी शूज पुढून रुंद घ्यावेत.

२०१८ ला जुनी सीएनसी घेतली ती मुख्यतः हायड्रॉलिक चकसाठी. पायाने पेडल दाबलं की जॉब धरला. दाब घड्याळावर दिसतो. जोर किती लावला याचा अंदाज आता हाताला करावा लागत नाही. फिनिशला दाब कमी करतो. मात्र दाब कमी केला तर आरपीएमही कमी करायचे, कारण वेगाने जबडे बाहेर ओढले जातात आणि बाहेरून धरलेल्या जॉबची पकड आणखी ढिली होते. हे विसरणाऱ्याचा बुश पत्र्यावर जाऊन आदळतो.

आता रॉडविषयी. कपाटात नायलॉनचे तीन तुकडे आहेत, २०, २५ आणि ३२ मिलिमीटरचे. सकाळी साडेदहाला आधी गरम पाण्यात दहा मिनिटं हात, मग रॉड. विसाच्या रॉडभोवती बोटांची टोकं तळव्याला टेकली तर तो दिवस लेथचा. पंचविसाला टेकली, विसाला नाही, तर सीएनसी, तपासणी, प्लग गेज, मिलिंगचं सेटिंग. बत्तिसालाच टेकली किंवा तिथेही टेकली नाहीत तर हाताचं काम बंद. त्या दिवशी कोटेशन, जॉब कार्ड, उधारीचे फोन. फळ्यावर खडूने फक्त आकडा लिहिला जातो आणि आमच्या लेथवरचे टर्नर मामा त्यावरून दिवसाची कामं फिरवतात. कोणी "आज कसं वाटतंय" विचारत नाही, त्याची गरज उरत नाही. मन खंबीर ठेवा असं सगळे सांगतात. बत्तीसच्या दिवशीही चार कोटेशनं गेली की संध्याकाळी मन आपोआप जागेवर असतं, असा आमचा अनुभव आहे. त्यासाठी बत्तीसच्या दिवसाची कामं आधीपासून राखून ठेवावी लागतात. चांगल्या दिवशी सगळं उरकलं तर वाईट दिवशी भिंतीकडे बघत बसावं लागतं, आणि खच्चीकरण त्यानेच होतं.

हेच आकडे वहीत तारखेने उतरवतो. डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी गेल्यावर "बरं आहे" सांगण्यापेक्षा ती वही पुढे ठेवतो. सलग आठ-दहा दिवस बत्तीस दिसले की औषधाचा विचार पुन्हा होतो.

विसाच्या दिवसालाही मर्यादा आहे. एकच पकड सलग पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नको, मग पाच मिनिटं वेगळं काम. विसाच्या दिवशी बारा तास ओढले की दुसऱ्या दिवशी बत्तीस ठरलेला.

औषधाचंही वेळापत्रक धंद्याशी जुळवलं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आमची सुट्टी शुक्रवारी, म्हणून गुरुवारी रात्री. दुसऱ्या दिवशी मळमळ, थकवा आला तर सुट्टीत जिरतो. फॉलिक अॅसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या वारी. ही गोळी चुकून रोज घेतली तर तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, जीव जातो. म्हणून कॅलेंडरवर फक्त गुरुवारांना गोल केलेत आणि तो डबा घरात दुसरं कोणी भरत नाही. सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन, म्हणजे रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, ठरल्या वेळी. बरं वाटतंय म्हणून रक्त तपासणं टाळू नये, यकृत तक्रार करत नाही. दारू बंद, तंबाखूही बंद.

या औषधाने प्रतिकारशक्ती दबते, आणि लेथवाल्याचा हात म्हणजे रोज दोन ओरखडे. चिप, म्हणजे कापलेल्या धातूची कात, कधीही बोटाने ओढायची नाही, हूक आणि ब्रश. हातमोजे घालून फिरत्या मशीनजवळ कोणी जायचं नाही. सांध्यांना आधार देणारे घट्ट मोजे किंवा स्प्लिंटही मशीनपाशी उतरवलेच पाहिजेत, कापड गुंतलं तर हात आत जातो. कूलंट, म्हणजे टूल थंड ठेवणारं तेल-पाणी, शुक्रवारी बंद पडून राहतं, शनिवारी सकाळी कुजका वास मारतं. वर तरंगणाऱ्या तेलाने अडवलेली हवा आणि त्यामुळे वाढलेले जंतू, हे त्याचं कारण. तेल आधी काढून टाकायचं, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या यंत्रावर, पाच ते आठ टक्के ठेवायचं, आणि भरताना पाण्यात तेल घालायचं, तेलात पाणी कधी नाही. कापलं तर लगेच साबणाने धुवायचं. लाली पसरली किंवा ताप आला तर त्या गुरुवारची गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना आधी विचारायचं.

गेलेल्या तीन पार्ट्यांपैकी एक २०२१ ला परत आली. दर जुनाच लावला, पण पहिल्या लॉटला निम्मे पैसे आगाऊ घेतले. मागच्या गल्लीतला तो गाळा आता गोदाम आहे.

कळव्याच्या काकांच्या आईलाही हाच आजार निघाला, तेव्हा त्यांना रॉडचा एक सेट करून दिला. मग मामांच्या बहिणीला, मग आणखी काहींना. कोणाला करून घ्यायचा असेल तर माप असं : नायलॉन, व्यास २०, २५ आणि ३२, लांबी १२०, दोन्ही टोकांना दोनची चॅम्फर, म्हणजे तिरपी कापलेली कड, ती तळव्याला टोचत नाही. पृष्ठभाग साधा ठेवा, नर्लिंग करू नका, सुजलेल्या कातडीला लागतं. तुमच्याकडे लेथ नसेल तर गाळ्यावर या, शुक्रवार सोडून, साडेदहानंतर.