तिसऱ्या गजापर्यंत

"तुम्ही गेल्या महिन्यात ब्लाइंडचं लॉक बदलून गेलात. त्यानंतर आजपर्यंत सात वेळा पडलाय. तारीखवार वाचून दाखवू का?"

सकाळी पावणेनऊला असा फोन आला की दिवस कसा जाणार ते कळतं. "नको काका, येतोच," म्हटलं आणि पहिल्या कामाला दुपारवर ढकलून कर्वेनगरकडे गाडी वळवली.

माझं काम खिडक्यांच्या ब्लाइंडचं. बसवायचे, आणि त्याहून जास्त, दुसऱ्यांनी बसवलेले दुरुस्त करायचे. एकोणीस वर्षं झाली. लोक सरसकट 'पडदेवाला' म्हणतात. मी आता त्यांचा शब्द सुधारत बसत नाही, पण खरं सांगायचं तर पडदेवाल्याच्या कामात शिवण असते आणि आमच्या कामात यंत्र असतं. तळहातावर मावेल एवढं असेल, पण यंत्र.

हा ब्लाइंड जुन्या पद्धतीचा व्हेनेशियन. सहा फूट रुंद, पाच फूट उंच, एक इंची ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मूळ रंग बदामी असावा. वीस-एक वर्षांपूर्वी बसवलेला. पूर्वेची खिडकी, खिडकीखाली दिवाण. तक्रार एवढीच, की सकाळी पूर्ण वर करून ठेवलेला ब्लाइंड दिवसात कधीतरी कोणी हात न लावता सर्रकन खाली येतो.

पहिल्या खेपेला गेलो होतो तेव्हा काकूंनी मला चहा देता देता हळूच सांगितलं होतं, "दोरी नीट अडकवतच नसतील हो. हल्ली लक्ष नसतं यांचं. परवा गॅसवर दूध ठेवून पेपर वाचत बसले." मुलगा अमेरिकेत. त्याचंही फोनवरून हेच मत पडलेलं. काका हे सगळं ऐकून होते, पण काही बोलले नव्हते. मीही फार विचार केला नाही. दोरी धरून ठेवणारं लॉक, म्हणजे कॉर्ड लॉक, उघडलं, आत काळाकुट्ट चिखल दिसला, वीस वर्षांची घाण म्हणून जुनं लॉक पिशवीत टाकलं आणि नवं बसवलं. दहा वेळा वर-खाली करून दाखवलं. पैसे घेतले, निघालो.

त्या पिशवीत पुरावा होता आणि मी तो कचऱ्यात टाकला, हे महिन्याने कळायचं होतं.

या वेळी काकांनी दारातच वही हातात दिली. दोनशे पानी, आखलेली. काका सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे रकाने पाडलेले होते: दिनांक, वेळ, खिडकी उघडी की बंद, पंखा, सोसायटीचा पंप, आणि शेवटी 'शेरा'. चार महिन्यांच्या चोवीस नोंदी. अक्षर असं, की छापल्यासारखं.

"पंप लागला की पडतो," काका म्हणाले. "चोवीसपैकी अकरा वेळा पंप चालू होता. बघा."

"आणि उरलेल्या तेरा वेळा?"

"तेच तर." त्यांनी चष्मा काढला. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मला एवढंच हवंय की कारण काय ते लिहून द्या. माझी चूक असेल तर तसं लिहा."

'लिहून द्या' म्हणताना आवाज जरा बदलला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की ही वही ब्लाइंडची नव्हतीच.

मी दिवाणावर बसून वही वाचत गेलो. वेळांमध्ये काही हाती लागेना. सकाळी ९.४०, दुपारी २.१०, संध्याकाळी ६. मग शेऱ्याकडे लक्ष गेलं. 'ति. ग.' पुढच्या ओळीत 'ति. ग.' पुन्हा 'ति. ग. च्या किंचित खाली.'

"काका, हे ति. ग. काय?"

"तिसरा गज. ग्रिलचा वरून तिसरा. तिथपर्यंत येऊन थांबतो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

हे मला पहिल्या खेपेला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. 'पडतो' म्हटल्यावर मी गृहीत धरलं की पार खाली येतो. कॉर्ड लॉक झिजलेलं असलं की ब्लाइंड पार खाली येतो. माणसाच्या हातून अर्धवट अडकलेली दोरी सुटली तरी तो धाडकन तळाला जातो, अध्येमध्ये थांबायला त्याला कारण नसतं. वरून दोन फूट येऊन थांबणारा ब्लाइंड म्हणजे आत काहीतरी त्याला सोडतंय आणि मग तेच त्याला पुन्हा धरतंय.

इथे जरा यंत्राबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. व्हेनेशियनला दोन वेगळ्या दोऱ्या असतात. एक शिडी: दोन बाजूंना दोन उभे धागे आणि मध्ये आडव्या पायऱ्या. प्रत्येक पट्टी आपापल्या पायरीवर पडून असते. शिडी वरच्या पोकळ पन्हाळीतल्या, म्हणजे चॅनेलमधल्या, दांड्याला बांधलेली असते. काठी फिरवली की दांडा फिरतो, शिडीची एक बाजू वर, दुसरी खाली, आणि पट्ट्या कलतात. दुसरी उचलायची दोरी. ती सगळ्या पट्ट्यांच्या भोकांतून जाऊन सगळ्यात खालच्या पट्टीला, म्हणजे बॉटम रेलला, गाठ मारून असते. वर चॅनेलमधून आडवी जाते, टोकाच्या लॉकमधून बाहेर पडते आणि आपल्या हातात येते. सहा फुटांच्या ब्लाइंडला अशा तीन दोऱ्या.

आता गंमत बघा. ब्लाइंड पूर्ण खाली सोडलेला असतो तेव्हा सगळ्या पट्ट्यांचं वजन शिड्यांवर असतं, उचलायच्या दोरीवर जवळजवळ काहीच नसतं. दोरी ओढली की बॉटम रेल वर येते आणि वाटेतली एकेक पट्टी अंगावर घेत येते. म्हणजे ब्लाइंड जसजसा वर जातो तसतसा दोरीला जड होतो. विहिरीतून पोहरा काढताना दोर जितका वर येईल तितकं हलकं लागतं, याचं बरोबर उलट. पूर्ण वर असताना सगळं ओझं दोरीवर, आणि ते ओझं धरून ठेवणारं फक्त ते छोटं लॉक.

आणि लॉकमध्ये तरी काय असतं? एका बाजूला गुळगुळीत चकती, दुसऱ्या बाजूला तिरप्या खाचेत सुटी फिरणारी, दातेरी अंगाची पिन. दोरी दोघांच्या मधून जाते. ब्लाइंड खाली जायला बघतो, दोरी आत खेचली जाते, जाता जाता पिनेला आपल्याबरोबर खाचेत वर ओढते, खाच निमुळती असल्यामुळे पिन दोरीवर दाबली जाते. जितकं ओढाल तितकी घट्ट. दोरी बाजूला कलती धरली की पिन मोकळी राहते आणि ब्लाइंड वर-खाली होतो. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. सगळा खेळ एकाच गोष्टीवर: दोरीने पिनेला ओढलं पाहिजे. दोरी पिनेला नुसती चाटून गेली तर पिन जागची हलत नाही आणि लॉक लागत नाही.

ब्लाइंड खाली होता. लोंबती दोरी हातात घेतली, पांढरी, कोरडी, चांगली. मग काकांना म्हटलं, तुम्ही रोज करता तसा वर करा. त्यांनी केला, बाजूला घेऊन सरळ केला, हात हळूच सोडला. चूक काढायला जागा नव्हती. आम्ही तिघं समोर बसून राहिलो. काकूंनी गवार निवडायला घेतली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. खाली रस्त्यावर कसला तरी ट्रक गेला आणि सर्रर्र करत ब्लाइंड आला. तिसऱ्या गजाला उभा.

काका एकदम उभे राहिले. "बघितलंत? मी इथे बसलो होतो! हात लावला नाही!" हे ते काकूंना सांगत होते.

मी स्टुलावर चढलो, दोरी ओढून ब्लाइंड पुन्हा वर घेतला आणि लॉकच्या तोंडाशी दोरीला चिमटीत धरलं. सुळसुळीत. बोटं काळी झाली. वास घेतला. माझी आई शिवणकाम करायची. तो वास मला झोपेतही ओळखू येईल. शिलाई मशीनचं तेल.

पहिल्या खेपेला मला हे का सापडलं नाही तेही तिथेच, स्टुलावर उभ्या उभ्या कळलं. तेव्हा मी ब्लाइंड दिवाणावर लांब पसरून काम केलं होतं. पसरलेला असताना दोरीचा हा तेलकट भाग चॅनेलच्या आत किंवा पट्ट्यांच्या मध्ये लपलेला असतो आणि लॉकपाशी येतो तो गोंड्याजवळचा कोरडा भाग. ब्लाइंड पूर्ण वर गेला की मगच तेलकट भाग लॉकमध्ये येतो. वर ओझं सगळ्यात जास्त आणि दोरी सगळ्यात निसरडी. तिसऱ्या गजापर्यंत येईतो ओझं कमी झालेलं, आणि लॉकमध्ये कोरडी दोरी आलेली. मग थांबणारच. नव्या पिनेच्या दात्यांनी दोन-चार दिवस तग धरला असेल. मग त्यांच्यातही तोच चिखल भरला. मी लॉक बदललं होतं, दोरी बदलली नव्हती. रोग्याला सोडून थर्मामीटर बदलावं तसं.

आता खरी अडचण. तेल कोणी घातलं? घरात माणसं दोन. कोपऱ्यात झाकलेलं शिलाई मशीन. काका माझ्याकडे बघत होते, काकू गवारीकडे.

"काय निघालं?" काकांनी विचारलं.

"दोरीला तेल लागलंय," मी म्हटलं. कोणी लावलं ते न सांगणारं वाक्य अशा वेळी फार कामाला येतं.

दोन क्षण कोणीच बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, "मी घालते."

"तू?"

"कुरकुरतो तो सकाळी. मशीनला घालते तेव्हा दोन थेंब तिथेही घालते. स्टुलावर चढून. तुम्ही फिरायला गेलात की." मग माझ्याकडे वळून, जरा तक्रारीच्या सुरात, "तेलाने काही बिघडतं होय?"

बरोबर होतं त्यांचं. दार, मशीन, सायकल, कात्री, सगळं तेलाने सुधारतं. हे लॉक मात्र घर्षणावर जगतं. आणि कुरकुर लॉकची नव्हतीच, पट्ट्या कलवणारा दांडा ज्या प्लॅस्टिकच्या घोड्यावर बसतो तो घोडा तडकला होता. तो बदलला तर आवाज गेला. मी एवढंच सांगितलं. काका काहीच बोलले नाहीत. वही उघडून पेनाचं टोपण काढून बसले.

मग तिन्ही दोऱ्या काढायला घेतल्या. एरवी जुन्या दोरीच्या शेपटाला नवी जोडून ओढून घेतो, पाच मिनिटांचं काम. इथे तसं केलं तर तेल भोकाभोकातून सगळीकडे गेलं असतं. म्हणून बॉटम रेलची बुचं काढून, गाठी कापून, जुन्या दोऱ्या बाहेर ओढल्या. चॅनेल आतून स्पिरिटने पुसलं, लॉक पुन्हा नवं टाकलं (त्याचे पैसे अर्थातच घेतले नाहीत) आणि नवी दोरी तारेच्या आकड्याने वरून खाली ओवत आणली. ओवताना एक पायरी दोरीच्या डावीकडे, पुढची उजवीकडे, अशी वेणी घालावी लागते. सगळ्या एकाच बाजूने गेल्या तर शिडी दोरीपासून एका बाजूला सरकते. सत्तर पट्ट्या, तीन दोऱ्या, दोनशे दहा पायऱ्या. मध्येच कोणी बोललं की मोजणी चुकते, आणि काका बोलत होते.

दोऱ्या काढल्यावर पट्ट्या सुट्या निघतात. काकांनी एक मागून घेतली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. पंचवीस ग्रॅम. सत्तर म्हणजे पावणेदोन किलो, बॉटम रेल अर्धा किलो धरा. "म्हणजे वर असताना सव्वादोन," ते म्हणाले, "आणि तिसऱ्या गजाला?" पाच फुटांतले दोन फूट पट्ट्या शिडीवर परतलेल्या. त्यांनी हिशेब मांडला. दीड किलोच्या थोडं वर. ते वहीत गेलं.

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा होता, तो मी असतानाच आला. काकांनी फोन थेट ब्लाइंडसमोर धरला आणि वहीतून वाचून दाखवलं. मुलगा हसला, मग म्हणाला, डिसेंबरात नातीला घेऊन येतोय, तर ही दोरीच काढून टाका ना, आमच्याकडे बिनदोरीचेच आहेत. त्याचं खरं आहे. तिथल्या मानकाप्रमाणे दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडना २०१८च्या डिसेंबरपासून लोंबती दोरी चालत नाही, कारण लहान मुलांच्या गळ्याला फास बसून मृत्यू झालेले आहेत. बिनदोरीच्या ब्लाइंडमध्ये चॅनेलच्या आत पोलादी पट्टीची स्प्रिंग असते, ती ओझं तोलून धरते. पण तिथेही हीच भानगड: ओझं उंचीप्रमाणे बदलतं, स्प्रिंगचा जोर तसा बदलत नाही, आणि मधली तफावत पुन्हा घर्षणानेच भरून काढावी लागते. या जुन्या चॅनेलमध्ये ते बसणार नव्हतं.

जे जमण्यासारखं होतं ते केलं. तिन्ही दोऱ्यांना टोकाशी एकच गाठ होती, म्हणजे तयार फास. ती ठेवली नाही. प्रत्येकीला वेगळा गोंडा दिला. भिंतीत जमिनीपासून दीड मीटरच्या वर आकडा ठोकला, दोरी त्याच्यावर आठच्या आकड्यात गुंडाळायची. दिवाण मात्र खिडकीखालीच होता. त्यावर उभं राहिलं तर दीड मीटरला काय अर्थ? दिवाण समोरच्या भिंतीला न्या म्हटलं तर काकूंचं म्हणणं पडलं की तिथे उजेड येत नाही. यावर वीस मिनिटं गेली. शेवटी नात येईल तेवढे दिवस दिवाण हलवायचा असं ठरलं, आणि आत्तापुरतं मशीन खिडकीशी आणायचं.

निघताना काकांनी वही पुढे केली. पंचविसावी नोंद. वेळ ११.२०, खिडकी बंद, पंखा बंद, पंप बंद, शेरा ति. ग. खाली लाल पेनाने: 'कारण: कॉर्ड लॉकमध्ये शिलाई मशीनचे तेल.' त्याखाली दोन रेघा, सह्यांसाठी.

मी केली. काकांनी वही काकूंकडे सरकवली.

"मी कशाला?"

"तेल कोणाचं?"

काकूंनी चष्मा शोधला, नोंद पूर्ण वाचली, पेन घेतलं, आणि 'तेल' शब्दाच्या आधी बारीक अक्षरात 'दोन थेंब' असं घालून मग सही केली.